वाटणीत आलेल्या जीपचा आवाज

लातूर जिल्हा झाला त्या साली औशाच्या चांदपाशा मिस्त्रीनं आपलं गॅरेज उचललं आणि लातुरात आणून ठेवलं. उचलायला फारसं काही नव्हतं. एक लोखंडी पेटी, एक जॅक, गाडी टेकवायला दोन ओंडके आणि पाण्याचा माठ. छप्पर औशातही नव्हतं, त्यामुळे ते न्यायचा प्रश्न आला नाही. औसा रोडच्या कडेला एक जुनी चिंच बघून त्यानं तिच्याखाली पेटी टेकवली आणि धंदा सुरू झाला. त्याचं गणित सरळ होतं. जिल्हा झाला म्हणजे साहेब येणार, साहेब आले म्हणजे गाड्या येणार, आणि गाड्या आल्या म्हणजे त्या बिघडणार. यातलं तिसरं तर अजिबात चुकलं नाही.

त्याची बायको हाजराबी हिला हे पटलं नव्हतं. "औसेमें क्या कम पड्या तुमकू?" असं तिनं विचारलं होतं, पण ते त्याच्या डाव्या अंगानं विचारल्यामुळे राहून गेलं. चांदपाशाचा डावा कान तरुणपणीच गेला होता. तेलाच्या मिलमध्ये सात वर्षं इंजिनाला डावा खांदा देऊन उभं राहिलं की दुसरं काय होणार? उरलेल्या उजव्या कानानं त्याला इंजिनात पडलेली टाचणी ऐकू येते असं गिऱ्हाईक म्हणायचे, आणि त्याच कानानं बायकोची हाक ऐकू येत नाही असं हाजराबी म्हणायची. दोन्हीकडून थोडं वाढवून सांगणं चालायचं.

कानापेक्षा त्याची पद्धत लोकांना जास्त सतावायची. गाडीवाला आला की आधी बॉनेट उघडायचा. चांदपाशा ते परत लावून टाकायचा आणि म्हणायचा, "बसा." मग दोन प्रश्न. आवाज कवा येतो? आणि कवा येत न्हाई? पहिल्या प्रश्नाला लोक घडाघडा बोलायचे. दुसऱ्याला डोकं खाजवायचे. "निम्मं दुखणं दुसऱ्यात असतंय," असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय त्याचा एक कायदा होता. जो आवाज आपण आपल्या कानानं ऐकला नाही, त्याला पाना लावायचा नाही. घाईची गिऱ्हाइकं या कायद्यामुळे पुढच्या गॅरेजात गेली आणि बरीचशी तिथून परत आली.

जिल्ह्याच्या चौथ्या वर्षी, सलग दुसऱ्या कोरड्या सालात, त्या चिंचेखाली टंचाईची जीप आली.

जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा खुर्च्या, कपाटं आणि टाइपरायटर यांच्याबरोबर गाड्यांचीही झाली होती. थोरला भाऊ वाटणीत धाकट्याला कोणता बैल देतो हे ज्याला माहीत आहे, त्याला ही जीप समजावून सांगायला नको. दारं कापडी, हॉर्न मर्जीचा आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यानं आपलं आपण बघायचं. पाणीटंचाईचं काम बघायला जे साहेब आले त्यांच्या नशिबी ती लागली. साहेब पुण्याकडचे, तरुण, सरळ आणि कामाचे होते. कामाचा साहेब सरकारी गाडीला फार जाचतो. जळकोटच्या अंगाला, देवणीच्या अंगाला, रोज पाच-पाच गावं. टँकर येतो का, बोअरला काही लागलं का, रोजगार हमीवर किती माणसं, सगळं स्वतः जाऊन बघायचं.

आणि ही जीप ओरडायची. साधं कुरकुरणं नव्हे. डुकराचं पिल्लू पायाला धरून उचलल्यावर ओरडतं, तसं बारीक आणि सलग. नेहमी नाही. एखाद्या गावातून निघताना सुरू व्हायची, मैल-दोन मैल ओरडायची आणि आपोआप गप्प बसायची. पोरं मागं धावायची. म्हातारे एकमेकांना सांगायचे, "टंचाई चालली बघा." एका गावात साहेबांनी तासभर समजावून सांगितलं की टँकर आता एक दिवसाआड नाही, दोन दिवसाआड येईल. लोक गंभीर होऊन ऐकत होते. साहेब जीपमध्ये बसले, जीप ओरडली आणि अख्खी सभा हसत सुटली. साहेब हसले नाहीत.

जीपचा ड्रायव्हर लिंबाजी सोनकांबळे. बत्तीसेक वर्षांचा, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट घालणारा. सहा वर्षं झाली तरी तो कच्चाच होता. कच्चा म्हणजे आज नाव आहे, उद्याचं उद्या. या वर्षी त्याला पक्का करायची फाइल निघाली होती आणि तिच्यात साहेबांचा शेरा हवा होता. सभा हसली त्या दिवशी परतताना साहेब म्हणाले, "लिंबाजी, 'वाहनाची निगा उत्तम' असं मला लिहायचंय. पण गाडी अशी ओरडत राहिली तर मी कसं लिहू? खोटं मी लिहीत नाही. महिनाअखेरीपर्यंत बघा." साहेब खोटं लिहीत नाहीत हे लिंबाजीला पुरतं ठाऊक होतं. त्याला काळजी तीच होती.

तोवर जीपवर बरेच इलाज होऊन गेले होते. ऑफिसातला शिपाई ईश्वरप्पा म्हणाला ब्रेक, म्हणून ब्रेकची लायनिंग बदलली. कुणी म्हणालं स्प्रिंगचे पाटे, म्हणून पाट्यांना ग्रीस भरलं. कुणी म्हणालं डायनामो, म्हणून नांदेडहून बेअरिंग आणून घातलं. जीप हळूहळू नवी होत चालली होती, आवाज तेवढा जुना राहिला होता.

चांदपाशानं लिंबाजीला ओंडक्यावर बसवलं.

"आवाज कवा येतो?"

"गावातनं निघताना, चाचा."

"कोणत्या गावातनं?"

"कोणत्याबी. म्हंजे समद्या न्हाई. येतो तवा येतो."

"कवा येत न्हाई?"

लिंबाजीनं विचार केला. "तुमच्यापुढं येत न्हाई," म्हणाला.

ते खरंच होतं. चांदपाशानं लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ उजव्या कानावर ठेवून तासभर ऐकलं. इंजिन दमेकरी होतं, पण ओरडलं नाही. लिंबाजीनं रेल्वे फाटकापर्यंत दोन चकरा मारल्या. तेव्हाही नाही. दुसऱ्या आठवड्यात जीप परत आली, तिसऱ्यात परत. डॉक्टर दिसला की दुखणं पळतं म्हणतात, तसं ते दर वेळी पळून गेलं.

दर वेळी लिंबाजी एक गोष्ट करायचा. माठ चिंचेच्या बुंध्याशी उघड्यावर होता, त्यावर झाकण आणि झाकणावर पाणी काढायचं डावलं. येणारा-जाणारा कुणीही थांबून प्यायचा. हाजराबी पहाटे नळाच्या रांगेत दोन तास उभी राहून तो भरायची आणि दुपारी तो रिकामा बघून कुणाचं नाव न घेता बोलायची. तिथं विचारायची रीतच नव्हती. लिंबाजी मात्र दर वेळी विचारायचा, "चाचा, पाणी घेऊ का?" चांदपाशा म्हणायचा, "घे की." माणूस रीतीचा दिसतो, एवढंच त्याला वाटायचं.

महिनाअखेरीला अकरा दिवस राहिले तेव्हा चांदपाशानं सांगितलं, "आवाज माझ्याकडं येत न्हाई तर मीच आवाजाकडं येतो. मला फिरतीवर न्या." सरकारी गाडीत बाहेरचा माणूस बसवता येत नाही. साहेबांनी दोन दिवस नियम चाळले, मग लॉगबुकात 'तांत्रिक तपासणी' असं लिहिलं आणि तंत्राला मागच्या बाकावर बसवलं. चांदपाशा ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर आडवा बसला, म्हणजे चांगला कान इंजिनाकडं येईल. निघायच्या आधी त्यानं तेल बघितलं, पट्टा ताणून बघितला आणि रेडिएटर आपल्या हातानं गळ्यापर्यंत भरला.

पहिलं गाव हाळनूर. साहेब शाळेत बसले, बोलले, चहा झाला. साहेब चपला घालत असताना सरपंचाची आई सरजाबाई स्टीलचा ग्लास भरून बाहेर घेऊन आली आणि लिंबाजीच्या हातात दिला. "घे बाबा, ऊन लई हाय," म्हणाली. लिंबाजी उभ्यानं प्याला, ग्लास परत दिला आणि जीप निघाली. आवाज नाही. साहेब मागं वळून म्हणाले, "बघा, आज नेमका येणार नाही."

दुसरं गाव दावणसांगवी. चावडीपुढं रिकाम्या घागरींची रांग लागली होती. टँकर काल आला नव्हता आणि घागरी कालपासून तशाच उभ्या होत्या. चांदपाशाला चावडीच्या पायरीवर कान तुटलेल्या कपात चहा मिळाला. हा कप त्याच्या ओळखीचा होता. बऱ्याच गावांत तो त्याच्यासाठी असायचा आणि चहा चांगला असला की चांदपाशा कपाकडं बघायचा नाही. साहेबांची सभा संपत आली तेव्हा तो जीपच्या चाकाशी हवा बघत बसला होता. एक धोतरवाला गृहस्थ भरलेला तांब्या घेऊन आला. चेहरा भला, बोलणं अदबीचं.

"ड्रायव्हर, पाणी. धरा वंजळ."

त्यानं तांब्या वर, छातीच्याही वर धरला. खाली लिंबाजीनं हात जोडून, वाकून, धार तोंडात घ्यायची होती. घागरी कोरड्या असलेल्या त्या गावात हा एक तांब्या कुणीतरी आपल्या घरातला काढून आणला होता. ते खरं. तो असा वरून द्यायचा होता, हेही खरं.

लिंबाजी वाकला नाही. शांतपणे म्हणाला, "मला नको, पाव्हणं. गाडी तापलीय, तिला लागतंय. द्या हिकडं."

गाडीला म्हटल्यावर त्या गृहस्थानं तांब्या लगेच हातात दिला. लिंबाजीनं बॉनेट उचललं, फडक्यानं टोपण फिरवून काढलं आणि तांब्या ओतला. सकाळी गळ्यापर्यंत भरलेल्या रेडिएटरनं त्यातला घोटभर घेतला असेल नसेल. बाकीचं पाणी काठावरून वाहून मागं पंख्याकडं गेलं. लिंबाजी शेवटच्या थेंबापर्यंत सावकाश ओतत राहिला. मग टोपण लावलं, बॉनेट खाली केलं आणि तांब्या पुढं केला.

"ठेवा तिथं," त्या गृहस्थानं दगडाकडं बोट दाखवलं. तांब्या दगडावर ठेवला गेला आणि गृहस्थ घासायला राख आणायला गेला. माणसाला पाणी वरून आणि रेडिएटरला हातात, हा मान चांदपाशानं तीस वर्षांत पहिल्यांदा बघितला.

साहेब येऊन बसले. लिंबाजीनं चावी फिरवली आणि जीप ओरडली.

"हा!" साहेब जवळजवळ आनंदानं मागं वळले. "ऐकलं का, मिस्त्री?"

"ऐकलो, साहेब."

उजव्या कानाला दहा हात लांबूनसुद्धा शंका उरली नसती. पंख्याचा पट्टा. ओला पट्टा पुलीवरून घसरतो आणि घसरताना ओरडतो. पावसाळ्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण दोन वर्षं पावसाळाच आला नव्हता. ज्या जिल्ह्यात माणसांना प्यायला पाणी नाही, तिथं गाडीला पाण्यानं दुखणं झालं असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? पावणेदोन मैलांवर एका वाळक्या बाभळीशी आवाज थांबला. पट्टा वाळला होता.

"कळलं का काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"अजून एकदा ऐकतो."

तिसऱ्या गावात, मोहगव्हाणात, तांब्याऐवजी जग होता आणि धोतराऐवजी पॅंट. बाकी सगळं तेच. जीप ओरडली. चौथ्या गावात एका घरातून लिंबाजीला पेला आला, हातात आला, आणि जीप शेळीसारखी गप्प निघाली. संध्याकाळी लातुरात उतरताना चांदपाशा साहेबांना म्हणाला, "उद्या सांगतो." रात्री तो जेवला नाही म्हणून हाजराबीनं विचारलं, तर भूक नाही म्हणाला. खरं तर त्याला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी एकटाच जीप घेऊन आला. या वेळी चांदपाशानं काही विचारायच्या आधी बॉनेट उघडलं. आता कुठं बघायचं ते माहीत होतं, त्यामुळे एका नजरेत सगळं दिसलं. बोअरचं पाणी क्षाराचं. वाळलं की पांढरं उमटतं. रेडिएटरच्या गळ्यापासून पांढरे ओघळ खाली उतरले होते, एकावर एक, कितीतरी दिवसांचे. पट्ट्याच्या कडा पांढऱ्या होत्या. पुलीला तर चुना फासल्यासारखा थर होता.

"बस," तो लिंबाजीला म्हणाला. "जिथं जिथं ओरडली ती गावं सांग."

लिंबाजी बोटांवर मोजू लागला. दावणसांगवी. मोहगव्हाण. पिंपळहाळ. बोळेगव्हाण. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. सहावं गाव सांगताना त्याचा आवाज हळू झाला. सातव्या बोटावर अंगठा टेकला आणि तिथंच राहिला. तो उघड्या बॉनेटखालच्या पांढऱ्या ओघळांकडं बघत होता.

रस्त्यावरून उसाची एक गाडी गेली.

"मला कळलंच न्हाई, चाचा," लिंबाजी म्हणाला. "वंजळ धर म्हणले की डोस्क्यात काहीतरी व्हायचं. भांडलो तर नोकरी जाती. पिलो तर..." तो थांबला. "म्हणून गाडीला वतायचो. ते सांडतंय कुठं हे बघायचं सुचलंच न्हाई."

"या साली कुणाला सुचल?" चांदपाशा म्हणाला.

त्याच वेळी त्याला माठ आठवला. तीन वेळा हा माणूस इथं आला, तिन्ही वेळा त्यानं उघड्यावरच्या माठाला हात लावायच्या आधी विचारलं, आणि आपण ती रीत समजलो. चांदपाशाला मनापासून लाज वाटली. आपण काही केलं नव्हतं, हे त्यानं स्वतःला सांगून बघितलं. त्यानं फरक पडला नाही.

"साहेबाला सांगू?" त्यानं विचारलं.

"नका सांगू. साहेब चांगला माणूस हाय, चौकशी लावल." लिंबाजीनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की त्याचा सगळा अनुभव त्यात आला. "चौकशीत आधी मला इचारतील, मग गावाला. गाव म्हणल, असं काही न्हाई. पंचनाम्यात राहील एवढंच, की टंचाईच्या सालात ड्रायव्हरनं भरल्या रेडिएटरवर प्यायचं पाणी वतलं. पाणी नासलं तर कारवाई, असा कागद साहेबाच्याच सहीचा हाय."

चांदपाशानं मान हलवली. मग मिस्त्रीनं सांगावं तसं सरळ सांगितलं, "मग वतायचं बंद कर. आवाज आपोआप जाईल. आठ दिवसांचा तर प्रश्न हाय."

"आन वंजळ धरू?" लिंबाजीनं विचारलं.

चांदपाशा उठला, पेटीशी गेला आणि आत बराच वेळ खडखड करत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात डालड्याचा रिकामा डबा होता. त्यानं तो कातरीनं उभा चिरला, ठोकून सपाट केला, दोन्ही कडा वर वळवल्या. छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब टाकायला पन्हाळं असतं, तसं एक छोटं पन्हाळं तयार झालं. रेडिएटरच्या गळ्यामागं दोन नटांवर त्यानं ते कसलं, उतार डावीकडं ठेवला. मग माठातलं डावलंभर पाणी आणून भरल्या रेडिएटरवर ओतलं. पाणी काठावरून सांडलं, पन्हाळ्यात आलं, ओघळत जाऊन जमिनीवर पडलं. पट्ट्यावर थेंब नाही. गाडी सुरू केली. आवाज नाही.

"वत तू," चांदपाशा म्हणाला. "जितकं वतायचं तितकं वत."

लिंबाजी पन्हाळ्याकडं बघत राहिला. जाताना त्यानं विचारलं, "चाचा, पाणी घेऊ का?" इथं विचारायचं नसतं, असं चांदपाशा त्याला सांगणार होता, पण "घे की" एवढंच म्हणाला.

दुपारी साहेबांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"काय निघालं?"

"पट्ट्यावर बाहेरनं काहीतरी पडत होतं, साहेब. आता पडणार न्हाई."

"चूक कुणाची होती?"

"गाडीची न्हाई," चांदपाशानं सांगितलं. "ड्रायव्हरचीबी न्हाई."

साहेबांनी आणखी विचारलं असतं तर चांदपाशा काय बोलला असता, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. पण तेवढ्यात टँकरवाल्यांचं शिष्टमंडळ आलं. पुढचे आठ दिवस जीप सगळी गावं गप्प फिरली. मोहगव्हाणात तर पोरं मागं धावली आणि आवाज नाही म्हणून हिरमुसून परत गेली. साहेबांनी महिनाअखेरीला 'वाहनाची निगा उत्तम' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. खोटं ते लिहीत नव्हतेच.

फाइल फिरून यायला दीड महिना लागला. मग एका संध्याकाळी लिंबाजी आणि त्याची बायको पंचशीला पेढे घेऊन चांदपाशाच्या घरी आले. पंचशीलानं पदराखालून ऑर्डरचा कागद काढून हाजराबीला दाखवला. हाजराबीला वाचता येत नव्हतं. तिनं कागद दोन्ही हातांनी धरून शिक्का बघितला, "अच्छा मोटा सिक्का हय," म्हणाली आणि दोघींना हसू फुटलं. त्या रात्री चांदपाशा जास्तच जेवला.

चार दिवसांनी लिंबाजी जीप घेऊन चिंचेखाली आला. इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

"काय झालं? आवाज आला?"

"न्हाई. ते पन्हाळं काढा, चाचा."

चांदपाशानं उजवा कान पुढं केला. नीट ऐकू आलं नसेल असं त्याला वाटलं.

"पन्हाळं काढा," लिंबाजी परत म्हणाला. "वरडू द्या तिला."

"अरे बाबा, साहेब इचारतील."

"इचारू द्या." तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. "सहा महिने मी म्हणायचो गाडीत खोट हाय. तिच्यात काही खोट नव्हती. मी गप बसायचो आन ती वरडायची. मग तिलाबी आपण गप केलो. तवा मी कच्चा होतो. आता पक्का हाय."

चांदपाशा पाना घेऊन उभा राहिला. तीस वर्षांत आवाज घालवायला किती गाड्या आल्या याची मोजदाद नव्हती. गेलेला आवाज परत बसवून द्या म्हणणारा हा पहिलाच. असं काम घ्यावं की नाही, हे त्याच्या कायद्यात कुठं नव्हतं. त्यानं बॉनेट उचललं. नट दोनच होते. निघालेलं पन्हाळं त्यानं चिंचेच्या एका तुटक्या फांदीला अडकवून ठेवलं, आणि वाऱ्यानं ते तिथं वाजत राहिलं.

आठवडा गेला. चांदपाशा रोज गाड्या करायचा, पण रस्त्यावर जीपचा आवाज आला की उजवा कान तिकडं जायचा. लिंबाजीची बदली झाली असेल, असंही एक-दोनदा मनात आलं. पक्क्या माणसाला काढता येत नाही, पण लांब पाठवता येतं. हाजराबीनं एकदा विचारलं, "क्या हुआ उस लडके का?" त्याला डाव्या कानानंही ते ऐकू आलं.

नवव्या दिवशी भर दुपारी जीप आली. लिंबाजीनं ती नेहमीच्या जागी लावली. उतरला. चांदपाशा एका ट्रकच्या खाली पडला होता. त्याला तिथून लिंबाजीच्या चपला दिसल्या. चपला त्याच्याकडं आल्या नाहीत, सरळ माठाकडं गेल्या. झाकण उचलल्याचा आवाज आला, डावलं पाण्यात बुडाल्याचा आला. चांदपाशा "पाणी घेऊ का" ऐकायची वाट बघत राहिला. ते आलं नाही. लिंबाजी सावकाश, पोटभर पाणी प्याला, अजून एक डावलं घेतलं, तेही प्याला आणि झाकण जागच्या जागी ठेवलं.

मग तो ट्रकशी येऊन उकिडवा बसला.

"इचारले साहेब," म्हणाला. "दावणसांगवीच्या बाहेर. ह्याच गावांतनं का वरडती म्हणून."

"मग?"

"गाडी थांबवलो, आन सांगितलो."